खेळाचें चित्रण : थोड्या जागेंत, थोड्या पैशांत

पूर्वीं मुलांचा खेळ दिवेलागणीस संपे, आणि संपला म्हणजे त्याची खूण मागें उरत नसे. उरलीच तर ती गुडघ्यावर. हल्लींचा खेळ संगणकाच्या पडद्यावर चालतो, आणि खेळणाऱ्यानें मनांत आणलें तर त्याची अथपासून इतिपर्यंत हुबेहूब नक्कल डिस्कवर उतरून राहते. कोणी ती मित्रांस दाखविण्यासाठीं ठेवतो, कोणी स्वतःच्या चुका शोधण्यासाठीं, कोणी यूट्यूबवर आपली वाहिनी चालविण्यासाठीं. हेतु कोणताहि असो, दोनतीन महिन्यांत एक दिवस असा उजाडतो कीं संगणक जागा संपल्याची वर्दी देतो आणि घरांत प्रश्न उभा राहतो : हीं चित्रणें पुसून टाकावयाचीं कीं लहान करावयाचीं? लहान करावयाचीं तर कशानें? शोध घेऊं जावें तों जाहिरातींचा पाऊस पडतो. कोणी दरमहा वर्गणी मागतो, कोणी एकरकमी किंमत सांगतो, कोणी फुकट म्हणून बोलावतो आणि तयार झालेल्या चित्रावर स्वतःचा ठसा उमटवून परत देतो. ज्या घरांत महिन्याचा खर्च लिहून ठेवण्याची चाल आहे त्या घरांत या खर्चाचा विचार होणें रास्तच आहे. आणि विचार केला असतां असें दिसतें कीं या कामीं पैसा जवळजवळ लागतच नाहीं, लागतो तो वेळ आणि थोडी सावधगिरी. सावधगिरी सुटली तर मात्र जें जातें तें पैशांनींहि परत आणतां येत नाहीं.

हीं चित्रणें एवढी जागा कां खातात, हें प्रथम पाहिलें पाहिजे. साधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रांत वीस लक्ष त्र्याहत्तर हजार सहाशें ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाची नोंद करण्यास तीन बाइट लागतात, आणि खेळाचें चित्रण बहुधा सेकंदास ६० चौकटी, म्हणजे फ्रेम, या वेगानें होतें. गुणाकार केला तर एका सेकंदास सुमारें ३७३ मेगाबाइट आणि एका तासास १३४३ गिगाबाइट एवढा ढीग होतो. एक टेराबाइटची कोरी डिस्क पाऊण तासांत तुडुंब भरून जावी! अर्थात् असें कोणी करीत नाहीं. चित्रण चालू असतांनाच संगणकांतील ग्राफिक्स कार्ड तें आवळून लिहीत असतें. दर सेकंदास किती माहिती लिहावयाची या मापास बिटरेट म्हणतात. तो ५० मेगाबिट ठेवला, आणि पुष्कळ ठिकाणीं तो एवढा असतो, तर तासाला साडेबावीस गिगाबाइट होतात. म्हणजे साठ भागांचा एक भाग तर आधींच झाला आहे. तरीहि रोज एक तास खेळणाऱ्याची फाईल महिन्याकांठीं पावणेसातशें गिगाबाइटांवर जाते, आणि तक्रार सुरू होते ती येथून.

संकोचन म्हणजे काय, हें समजण्यास जुन्या कीर्दवहीची आठवण पुरेशी आहे. तीच तीच नोंद पुन्हां करावयाची असली म्हणजे कारकून ती सबंध न लिहितां खालीं 'कित्ता' लिहून मोकळा होई. संकोचन करणारें साधन हेंच करतें. पहिली चौकट तें पूर्ण लिहितें. दुसऱ्या चौकटींत आकाश तेंच, डोंगर तेच, केवळ पक्षी चार ठिपके पुढें सरकला असेल, तर 'पक्षी चार ठिपके उजवीकडे, बाकी सर्व कित्ता' एवढेंच टिपून ठेवतें. शिवाय मनुष्याच्या डोळ्यास जें सहसा जाणवत नाहीं, अंधाऱ्या कोपऱ्यांतील बारीक छटा किंवा रंगांचे सूक्ष्म फरक, तें खुशाल गाळून टाकतें. यांतील पहिला भाग निरुपद्रवी आहे. दुसरा भाग म्हणजे कायमची वजाबाकी. दूध आटवून बासुंदी होते, परंतु बासुंदींत पाणी घातल्यानें पुन्हां दूध होत नाहीं. एकदां लहान केलेली फाईल पुन्हां मोठ्या बिटरेटनें लिहिली तरी गाळलेलें परत येत नाहीं. उलट अशा प्रत्येक पुनर्लेखनांत आणखी थोडें गळतें.

चित्रपटासाठीं बसविलेले नियम खेळाच्या चित्रणास जसेच्या तसे लागू पडत नाहींत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. चित्रपटांत कॅमेरा बहुधा संथपणें फिरतो, सेकंदास चौकटी २४च असतात, आणि मागचें दृश्य किंचित् पुसट असतें. खेळांत खेळाडूनें मान वळविली कीं क्षणार्धांत सारा पडदा बदलतो. तेथें 'कित्ता' लिहावयास जागाच उरत नाहीं. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियासारख्या रणांगणाच्या खेळांत खेळाडू गवतांत दबून सरपटत असतो. गवताचें पातें न् पातें वेगळें हालतें आणि साधनाची दमछाक होते. पाऊस, बर्फ, धूर, स्फोटाच्या ठिणग्या यांचीहि तीच कथा. त्याच पडद्यावर कोपऱ्यांत नकाशा, उरलेल्या गोळ्यांचा आंकडा, प्रतिस्पर्ध्याचें नांव अशीं बारीक अक्षरें असतात. बिटरेट अपुरा पडला कीं आधीं गवताचा चिखल होतो आणि मग अक्षरांच्या कडा फुटूं लागतात. उलट स्टारड्यू व्हॅलीसारख्या खेळांत, जेथें चित्रें जाड ठिपक्यांचीं आणि रंग सपाट, तेथें फाईल आश्चर्य वाटावें इतकी लहान होते. म्हणून 'तासाला किती गिगाबाइट योग्य?' या प्रश्नास सर्व खेळांसाठीं एकच उत्तर देणारा सल्लागार भरंवशाचा समजूं नये. लाल अक्षरांची एक निराळी तक्रार नेहमीं ऐकूं येते : काळ्या पार्श्वभूमीवरील लाल नांवें फिसकटल्यासारखीं दिसतात. तो दोष साधनाच्या निवडीचा नव्हे. जवळजवळ सर्वच चालू पद्धतींत उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एक, अशी काटकसर केलेली असते, आणि ती लाल-निळ्या बारीक अक्षरांत उघडी पडते.

आतां साधनांकडे वळण्यास हरकत नाहीं. या क्षेत्रांतील नवलाची गोष्ट अशी कीं यांतील अत्यंत समर्थ साधनें फुकट मिळतात. आणि तीं दानधर्म म्हणून दारांत ठेवलेलीं दुय्यम साधनें नव्हत, विकत मिळणाऱ्या अनेक साधनांच्या पोटांतहि तींच चालत असतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञानें २००० सालीं एफएफएमपेग या प्रकल्पाचा पाया घातला. चित्र आणि आवाज यांचें कोणतेंहि रूपांतर करणारें हें एक मोठें कोठारच आहे. नारिंगी शंकूच्या चिन्हाचा व्हीएलसी प्लेअर ज्या व्हिडिओलॅन मंडळीचा, त्यांच्याच छत्राखालीं एक्स २६४ हें साधन वाढलें, एच. २६४ या २००३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें चित्र लिहिण्यांत त्याचा हात धरणारें दुसरें साधन क्वचितच सांपडेल. एफएफएमपेगला बटणें नाहींत. त्यास आज्ञा टंकून द्याव्या लागतात. ज्यांना तें जमत नाहीं, आणि बहुतेकांना जमत नाहीं, त्यांच्यासाठीं हँडब्रेक आहे. एरिक पेटी यानें २००३ सालीं त्याचा आरंभ केला, आणि १.० हा अंक धारण करणारी आवृत्ति निघण्यास २०१६चा डिसेंबर उजाडावा लागला. तेरा वर्षें 'अजून पुरें झालें नाहीं' असें म्हणणारे कारागीर आजच्या बाजारांत विरळाच! हें साधन विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतें, ठसा उमटवीत नाहीं आणि एक पैहि मागत नाहीं.

मग पैसे मोजून काय मिळतें? सुबक खिडकी मिळते, एका बटणाची सोय मिळते, कधीं तुकडे कापण्याजोडण्याचीं अवजारें मिळतात. ज्याला संपादन करावयाचें आहे त्यानें तसें साधन अवश्य घ्यावें. परंतु केवळ फाईल लहान करण्यासाठीं वर्गणी भरणें म्हणजे घरच्या विहिरीस पाणी असतां टँकर बोलावणें होय. दूरच्या संगणकाकडे फाईल पाठवून ती लहान करून घेण्याची जी सोय फुकट म्हणून पुढें केली जाते तिचाहि हिशेब करून पहावा. घरची जोडणी फाईल वर पाठविण्यास सेकंदाला २० मेगाबिट देत असली, तर तासाभराच्या साडेबावीस गिगाबाइटच्या फाईलला अडीच तास लागतात. आणि तेवढ्या मोठ्या फाईलसाठीं ही फुकट सोय बहुधा उपलब्धच नसते. शिवाय चित्रणांत मित्रांचें मोकळेपणीं चाललेलें बोलणें असतें, कधीं पडद्यावर घरचा पत्ता किंवा संदेश डोकावून गेलेला असतो. तें परक्याच्या हातीं कशाला द्यावें?

तेव्हां निवड हँडब्रेकची, हें ठरलें. पण साधन निवडलें म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. हँडब्रेक उघडला म्हणजे त्यांत एक ठराविक मांडणी आधींच निवडलेली असते. तिचें नांव 'फास्ट १०८०पी३०'. त्या नांवाच्या शेवटीं असलेल्या तीस या आंकड्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि घात तेथेंच होतो. असा एक विद्यार्थी डोळ्यांपुढें आणावा : नाशिकचा मुलगा, शिक्षणासाठीं पुण्यास आलेला, शाळेंतले तिघे सोबती तीन गांवीं पांगलेले, चौघांची गांठ पडते ती शनिवारीं रात्रीं, खेळांतच. चित्रण तो ओबीएस स्टुडिओ या साधनानें करतो, तेंहि फुकटच. त्यांत त्यानें खेळाचा आवाज पहिल्या ट्रॅकवर, स्वतःचा दुसऱ्यावर आणि सोबत्यांचा तिसऱ्यावर अशी मोठ्या हुषारीनें वांटणी केलेली आहे. डिस्क भरली म्हणून त्यानें पन्नास शनिवारांचीं चित्रणें हँडब्रेकच्या रांगेंत लाविलीं, मांडणी होती तीच ठेविली, आणि काम पुरें होतांच मूळ फायली पुसून टाकल्या. फायली लहान झाल्या, चित्रहि वरवर ठीक दिसलें. मात्र हालचाल अडखळल्यासारखी वाटूं लागली, कारण सेकंदाच्या साठ चौकटींतल्या तीस गळाल्या. तें एक वेळ चालून जाईल. पुढें केव्हां तरी तो ऐकूं बसला तों बंदुकांचे आवाज आहेत, पावलांचे आवाज आहेत, पण सोबत्यांचें बोलणें नाहीं, हसणें नाहीं. ती मांडणी आवाजाचा पहिलाच ट्रॅक घेते!

यांत साधनानें अपराध केला असें म्हणतां येणार नाहीं. तें मुख्यतः चित्रपट व मालिका लहान करण्याच्या बेतानें मांडलेलें आहे, आणि तेथें एक ट्रॅक व तीस चौकटी पुरेशा होतात. गवत थोडें पुसट झालें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु वर्षभराचीं तीं बोलणीं गेलीं तीं गेलीं; त्या चौघांपैकीं कोणालाहि तीं पुन्हां जशींच्या तशीं बोलतां यावयाचीं नाहींत. आणि हें टाळण्यास लागतो अर्ध्या मिनिटाचा वेळ. चित्राच्या पानावर चौकटींचा वेग 'मुळाप्रमाणें' असा करावा, आवाजाच्या पानावर जाऊन सर्व ट्रॅक जोडून घ्यावे, आणि ही मांडणी स्वतःच्या नांवानें साठवून ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेस तीच निवडतां येते. चित्रणाचें पुढें संपादन करावयाचें असेल तर चौकटींचा वेग 'स्थिर' हा पर्यायहि घ्यावा. मोबाइलवर आणि कांहीं ग्राफिक्स कार्डांच्या साधनांनीं केलेल्या चित्रणांत हा वेग कमीजास्त होत असतो, आणि संपादनाच्या वेळीं ओठ व आवाज यांची फारकत होण्याचें तें एक नेहमींचें कारण आहे.

त्याच चित्राच्या पानावर दर्जाची एक सरकती पट्टी असते. तिच्यावरील अंक उलटा वाचावयाचा असतो : अंक लहान तितका दर्जा उंच आणि फाईल मोठी. एक्स २६४ साधन घेऊन १०८०चें चित्र लिहावयाचें असेल तर २० ते २४ हा पट्टा हँडब्रेकचे कर्तेच सुचवितात. धांवपळीच्या, गवताळ खेळास विसाकडे झुकावें, सपाट रंगांच्या खेळास चोविसाकडे. अंक सहांनीं उतरविला तर फाईल ढोबळ मानानें दुप्पट होते, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे अंदाज चुकत नाहीं. या पद्धतीचा गुण असा कीं साधन दर्जा सांभाळतें आणि बिटरेट प्रसंगानुरूप कमीजास्त करतें; खेळाडू दुकानांत हत्यारें निवडीत उभा असतांना थोडा, रणधुमाळींत पुष्कळ. बिटरेटचा आंकडा स्वतः सांगावयाचा तो फक्त फाईलचा आकार वरून बांधून दिलेला असेल तेव्हां. उदाहरणार्थ, तीन मिनिटांचा तुकडा १०० मेगाबाइटांत बसवावयाचा आहे. शंभराचे आठशें मेगाबिट झाले, त्यांस १८० सेकंदांनीं भागलें कीं सुमारें ४.४ मेगाबिट उरतात. त्यांतून आवाजासाठीं थोडे वजा करून बाकीचे चित्रास द्यावे. इतक्यांत १०८०चें धांवतें चित्र नीट बसणार नाहीं, ७२०चें बसेल. पसरट आणि फाटक्या चित्रापेक्षां लहान आणि स्वच्छ चित्र केव्हांहि बरें.

फुकट साधनाची खरी किंमत वेळांत मोजावी लागते. एक्स २६४ला घाईनें काम करावयास सांगतां येतें किंवा सावकाश. सावकाश केलें तर त्याच दर्जाची फाईल थोडी लहान होते, कारण 'कित्ता' कोठें कोठें लिहितां येईल याचा तें अधिक कसून शोध घेतें. वेगाच्या पट्टीवर 'अतिजलद'पासून 'अतिमंद'पर्यंत पायऱ्या आहेत, आणि सर्वांत शेवटच्या पायरीस कर्त्यांनीं 'प्लॅसिबो' असें नांव दिलें आहे. प्लॅसिबो म्हणजे रोग्याच्या समाधानासाठीं दिलेली, औषध नसलेली पुडी! वेळ अतोनात जातो आणि गुण कांहीं दिसत नाहीं, हें त्यांनीं नांवांतच सांगून टाकलें. 'मध्यम' किंवा 'मंद' या पायरीच्या पलीकडे घरगुती कामास जाऊं नये.

याच्या उलट टोकास ग्राफिक्स कार्डांतील लिहिणारा भाग. इंटेलनें २०११त आणि एनव्हिडियानें २०१२त तो आपल्या वस्तूंत बसविला, आणि तेव्हांपासून खेळ चालू असतांना त्याची गति न अडवितां चित्रण करणें घरोघर शक्य झालें. तो विलक्षण जलद काम करतो; परंतु तेवढ्याच आकारांत दर्जा किंचित् कमी देतो किंवा तेवढ्याच दर्जास फाईल मोठी करतो. म्हणून चित्रण करतांना ग्राफिक्स कार्डास कामास लावावें, आणि जें कायमचें ठेवावयाचें तें रात्रीं सर्वजण निजल्यावर एक्स २६४कडून सावकाश लिहवून घ्यावें. वीज किती जाते म्हणून कोणी विचारील. संगणक दीडशें वॅट ओढतो असें धरलें आणि दहा तास चालविला, तर दीड युनिट खर्च होते. वर्गणीच्या तुलनेनें हा खर्च कोणत्याहि घरास जड नाहीं. मात्र लॅपटॉप असेल तर तो गादीवर ठेवून हें काम करूं नये, कारण त्याच्या पोटाखालच्या झडपा बंद होतात आणि तो तापतो.

एच. २६४ नंतर २०१३ सालीं एचईव्हीसी ही पद्धति आली, आणि २०१८त एव्ही-१ आली. दोन्ही पद्धति त्याच दर्जाची फाईल पुष्कळ लहान करतात. एव्ही-१ तर गूगल, नेटफ्लिक्स, मोझिला, इंटेल वगैरेंच्या मंडळानें स्वामित्वशुल्क न घेण्याच्या बोलीवर काढलेली आहे, आणि २०२२च्या अखेरीपासून ती हँडब्रेकमध्यें निवडतां येते. ज्याच्याजवळ नवा संगणक आणि धीर हीं दोन्ही आहेत त्यानें तिचा अनुभव जरूर घ्यावा. पण लहान केलेली फाईल काकांच्या जुन्या टीव्हीवर लावावयाची असेल तर ती बहुधा उघडणारच नाहीं; एच. २६४ मात्र कोठेंहि उघडते. आणखी एक खड्डा येथें लपलेला आहे : दर्जाच्या पट्टीवरील अंक प्रत्येक पद्धतींत वेगळ्या अर्थाचा असतो. एक्स २६४चे २२ आणि एव्ही-१चे २२ एक नव्हत. एव्ही-१ची पट्टी ६३पर्यंत जाते, आणि तेथें तिशीच्या घरांतील अंकहि चांगला दर्जा देतो. जुना अंक तसाच ठेवून पद्धति बदलणारास फाईल मुळाहून मोठी झाल्याचा चमत्कार पहावयास मिळतो.

यूट्यूबवर चढवावयाच्या फाईलचा न्याय निराळा आहे. चढविलेली प्रत्येक फाईल यूट्यूब स्वतः पुन्हां लिहितें. म्हणजे घरीं एकदां गाळलेलें तेथें दुसऱ्यांदा गाळलें जाणार. त्यांनींच १०८०च्या साठ चौकटींच्या चित्रासाठीं १२ मेगाबिटांची शिफारस केलेली आहे. गवताळ खेळास त्याहून अधिक दिलें तर दुसऱ्या गाळणींत जीव राहतो. डेटा वाचविण्यासाठीं चढवावयाची फाईलच आधीं पिळून काढणें ही खोटी काटकसर होय.

आणि सर्वांत स्वस्त संकोचन म्हणजे नको तो भाग कापून टाकणें. तासाच्या चित्रणांत चाळीस मिनिटें सामना जुळण्याची वाट पाहण्यांत, यादीपत्रकें चाळण्यांत आणि पाणी प्यावयास उठण्यांत गेलेलीं असतात. लॉसलेसकट नांवाचें एक फुकट साधन आहे; तें चित्र पुन्हां न लिहितां जशास तसे तुकडे वेगळे काढतें. दर्जा तिळभरहि उतरत नाहीं आणि काम कांहीं क्षणांत होतें. त्याची एकच अट अशी कीं काप नेमक्या हव्या त्या चौकटीवर न पडतां जवळच्या पूर्ण लिहिलेल्या चौकटीवर पडतो. म्हणून दोनचार सेकंद आधींपासून धरावें. कीर्दींतहि मूळ नोंदीचें पान फाडून 'कित्ता'चें पान तेवढें ठेवलें तर वाचणारा काय वाचणार?

चित्रण करतांनाच थोडा विचार केला तर पुढची निम्मी मेहनत वांचते. ओबीएसच्या साध्या मांडणींत दर्जाचे जे पर्याय दिलेले आहेत त्यांत 'उत्तम दर्जा, मध्यम फाईल' या अर्थाचा पर्याय घरगुती उपयोगास पुरतो. सर्वांत वरच्या, कांहींच न गाळणाऱ्या पर्यायापुढें 'प्रचंड मोठी फाईल' असा इशारा कर्त्यांनीं स्वतःच लिहून ठेवला आहे. तरीहि हौशी मंडळी तोच निवडतात आणि मग डिस्कला दोष देतात. फाईलचा प्रकार एमकेव्ही ठेवावा. चित्रण चालू असतां वीज गेली, आणि ज्या गांवांत ती जाते तेथल्या लोकांस हें अधिक सांगावयास नको, तर साध्या एमपी४ प्रकारची फाईल सबंध निकामी होऊं शकते. एमकेव्ही वीज जाईपर्यंतची शाबूत राहते. नंतर तिची एमपी४ करावयाची असल्यास ओबीएसमध्येंच तशी सोय आहे, आणि तीहि चित्रास हात न लावतां.

साधन उतरवून घेतांना तें कर्त्यांच्या स्वतःच्या स्थळावरूनच घ्यावें. नांवासारखें नांव असलेल्या दुकानांत जाऊं नये. मे २०१७ मध्यें खुद्द हँडब्रेकच्या एका दुय्यम सर्व्हरवर कोणी घुसून मॅकसाठीं ठेवलेल्या फाईलच्या जागीं घातक फाईल ठेविली होती. २ ते ६ मे या काळांत ती कित्येकांनीं उतरवून घेतली असण्याचा संभव होता, आणि कर्त्यांनीं तसें उघडपणें जाहीर केलें. फाईलची ओळख पटविणारी जी लांबलचक संख्या ते स्थळावर छापतात, ती आपल्या फाईलच्या संख्येशीं ताडून पाहणें हा त्यावरचा इलाज. हें काम कंटाळवाणें आहे खरें, पण दोन मिनिटांचें आहे.

सर्व मांडणी झाली तरी पन्नास फायली एकदम रांगेंत घालूं नयेत. ज्या चित्रणांत गवत, धूर, धांवपळ आणि बारीक अक्षरें हीं सर्व एकवटलीं असतील त्यांतील एकच मिनिट निवडावें. हँडब्रेकमध्यें अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत एवढेंच लिहावें असें सांगतां येतें. तें मिनिट २०, २२ आणि २४ अशा तीन अंकांनीं लिहवून घ्यावें, आणि ज्या पडद्यावर पुढें पहावयाचें त्याच पडद्यावर, नेहमींच्या अंतरावर बसून पहावें. चित्र थांबवून नाक लावून पाहूं नये. तसें पाहिलें तर प्रत्येक चित्रांत दोष सांपडतो. मुळांत आणि प्रतींत फरक दिसेनासा होतो तो सर्वांत मोठा अंक आपला. मग डोळे मिटून तेंच मिनिट ऐकावें : खेळ ऐकूं येतो काय, स्वतःचा आवाज येतो काय, सोबत्यांचा येतो काय. प्लेअरमध्यें ट्रॅक बदलून प्रत्येक ट्रॅक तपासावा, कारण बहुतेक प्लेअर एका वेळीं एकच ट्रॅक वाजवितात, आणि दुसरा आहे कीं नाहीं हें बदलल्यावांचून समजत नाहीं.

रात्रीची रांग सकाळीं पुरी झालेली दिसली तरी मूळ फायलींवर लगेच हात टाकूं नये. प्रत्येक नव्या फाईलची लांबी मुळाशीं जुळते काय तें पहावें, आरंभ, मध्य आणि शेवट येथें थोडें थोडें चालवून पहावें, आणि मूळ फायली निदान महिनाभर बाहेरच्या डिस्कवर राहूं द्याव्यात. एक टेराबाइटच्या डिस्कवर साडेबावीस गिगाबाइटच्या हिशेबानें चव्वेचाळीस तासांचें मूळ चित्रण मावतें, आणि या साऱ्या कामांत घरानें जर कांहीं विकत घ्यावयाचेंच असेल तर तें ही डिस्क.